सहीच्या अलीकडचा प्रश्न

वैद्यकीय नीतिशास्त्राची चार तत्त्वे पाठ करायला फार वेळ लागत नाही. रुग्णाची स्वायत्तता मानावी, त्याचे हित साधावे, त्याला अपाय करू नये आणि न्यायाने वागावे. टॉम बीचम आणि जेम्स चिल्ड्रेस या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ साली आपल्या ग्रंथात ही चौकट मांडली आणि पुढच्या चार दशकांत ती जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचली. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ या नावाने वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ आले. तेव्हापासून तर या चौघांची नावे घेतल्यावाचून विद्यार्थ्याची सुटका नाही. पाठ्यपुस्तके पुढे असे सांगतात की खरी कसोटी लागते ती ही तत्त्वे आपसांत भांडू लागतात तेव्हा: रक्त घ्यायला नकार देणारा रुग्ण एकीकडे, आणि रक्ताशिवाय तो जगणार नाही हे जाणणारा डॉक्टर दुसरीकडे. अशी उदाहरणे खरी असतात, वर्गात रंगतातही. पण आपल्याकडच्या दवाखान्यांतला नेहमीचा पेच हा नव्हे, असे माझे मत आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा ही तत्त्वे भांडतच नाहीत. केसपेपरवर चारही गुण्यागोविंदाने नांदतात आणि तरीही रुग्णाच्या वाट्याला काहीतरी फार चुकीचे आलेले असते. या प्रस्तावनेत त्याच प्रकाराकडे पाहायचे आहे, आणि त्यासाठी बीड जिल्ह्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी हे मजुरीचे एकक. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल देतो आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल टनावारी फेडायची असते. दोघांपैकी एक जरी एखादा दिवस आजारी पडून कोपीत (झोपडीत) राहिला तरी खाडा धरला जातो, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. एका दिवसाला ५०० रुपयांपर्यंत कापल्याचे या बायकांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पहाटे अंधारात फडावर जायचे, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. फडावर संडास नाही, आडोसा नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. अंगावरून जाते, कंबर दुखते, खाज सुटते, म्हणून ही बाई हंगाम संपल्यावर गावाकडच्या खाजगी दवाखान्यात जाते. तिथे तिला सांगितले जाते की पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो, काढून टाकलेली बरी. ती होकार देते. कित्येकदा ती स्वतःच पिशवी काढायची म्हणून आलेली असते, कारण जावेने काढली आहे, टोळीतल्या चौघींनी काढली आहे. २०१९ साली वर्तमानपत्रांतून हे प्रकरण गाजले तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहाजणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती अगदी एकसारख्या नसतील, पण एवढी तफावत पद्धतीच्या फरकाने भरून निघत नाही.

आता यातल्या एखाद्या सरळमार्गी केसपेपरला चार तत्त्वे लावून पाहू. सरळमार्गी अशासाठी की खोटी सोनोग्राफी आणि कॅन्सरची खोटी भीती ही उघड फसवणूक आहे. तिला नीतिशास्त्राची गरज नाही, फौजदारी कायदा पुरे. समजा डॉक्टर प्रामाणिक आहे. बाईला खरेच जास्त रक्तस्राव होतो आहे. तिने संमतिपत्रावर सही केली, किंवा अंगठा उठवला: स्वायत्तता झाली. रक्तस्राव थांबला, रक्तातले लोह वाढू लागले: हित झाले. टाके नीट भरले, जंतुसंसर्ग झाला नाही: अपाय टळला. दर सगळ्यांना सारखाच लावला, कदाचित हिला थोडी सूटही दिली: न्याय झाला. चारही रकाने भरले. आणि तिशी-पस्तिशीतली एक बाई, जिच्या रक्तस्रावाला गोळ्या पुरल्या असत्या किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने जो पाच-सात वर्षे आटोक्यात राहिला असता, ती गर्भाशय गमावून घरी गेली. सोबत बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात ओढवते, हाडे लवकर झिजू लागतात, हृदयविकाराची जोखीम वाढते. बीजकोश ठेवले तरी ते अपेक्षेपेक्षा लवकर थकतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तिचे उरलेले आयुष्य मोळ्या उचलण्यातच जायचे आहे हे लक्षात घेतले, तर हाडांची गोष्ट ही किरकोळ टीप राहत नाही.

रकाने भरूनही हे कसे घडले? माझे म्हणणे असे की आपण ही तत्त्वे एका ओळीत ठेवली, शेजारी शेजारी, आणि न्यायाला शेवटची खुर्ची दिली. दवाखान्यात न्याय म्हणजे काय, असे विचारले तर खाटा कुणाला, व्हेंटिलेटर कुणाला, मूत्रपिंड आधी कुणाला, एवढेच उत्तर मिळते. टंचाईतल्या वाटणीपुरता तो उरतो. वास्तविक न्यायाचा प्रश्न संमतीच्या आधी विचारायला हवा. रुग्णाच्या हातात निवडायला जे पर्याय आले ते कुणी ठरवले, कशामुळे एवढेच उरले, याचा शोध घेतल्याशिवाय तिच्या होकाराची किंमत ठरवता येत नाही. खाडा धरला जाणार नसता तर हीच बाई याच वयात, याच तक्रारीसाठी पिशवी काढून घ्यायला तयार झाली असती का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कागदावरची सही तिची आहे, पण निर्णयात मुकादमाचा वाटा आहे.

न्याय असा मागे कसा पडला हे समजायला थोडे इतिहासात जावे लागते. जुन्या वैद्यकाला संमतीची फारशी फिकीर नव्हती. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतली शपथ रुग्णाच्या हिताबद्दल आणि गुपिताबद्दल बोलते, त्याला विचारण्याबद्दल नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात शिष्याला दिलेला उपदेश आजही वाचावा असा आहे. रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत असे तो बजावतो, आणि आयुष्य सरत आल्याचे कळले तरी ते सांगितल्याने रुग्णाला किंवा इतरांना धक्का बसणार असेल तर सांगू नये असेही म्हणतो. तोच उपदेश राजाचा रोष ओढवलेल्यांवर उपचार करू नयेत आणि नवरा किंवा पालक हजर नसलेल्या स्त्रीला औषध देऊ नये, असेही सांगतो. आपल्या परंपरेत सगळे होते असे म्हणणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. विसाव्या शतकात चित्र पालटले. १९१४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात मेरी श्लोएनडॉर्फ यांचा खटला आला. त्यांनी भूल देऊन फक्त तपासायला परवानगी दिली होती आणि शस्त्रवैद्याने गर्भाशयातली गाठ काढून टाकली होती. स्वतःच्या शरीराचे काय करायचे हे सज्ञान माणसाने ठरवायचे, हे तत्त्व न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्यात नोंदवले. तत्त्व जिंकले, बाई मात्र खटला हरल्या, कारण धर्मादाय रुग्णालयाला जबाबदार धरता येत नाही असे ठरले. पुढे नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ ची न्यूरेम्बर्ग संहिता आली आणि स्वेच्छेने दिलेली संमती तिच्यात पहिल्या कलमात बसली.

टस्कीगीचे प्रकरण मात्र नीट वाचले जात नाही असे मला वाटते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवले, रोग शेवटपर्यंत कसा वाढतो हे पाहण्यासाठी. पेनिसिलिन हाताशी आले तरी ते दिले नाही. पाठ्यपुस्तकात याचा धडा ‘संमती घेतली नाही’ असा लिहिलेला असतो. तो खरा आहे, पण अर्धा. ही माणसे बहुतेक दुसऱ्याची जमीन अर्धलीने कसणारी, कर्जात बुडालेली होती. फुकट तपासणी, तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च, एवढ्यावर ती मिळाली. श्रीमंत वस्तीत हा प्रयोग सुरूच झाला नसता. टस्कीगीनंतर नेमलेल्या आयोगाचा बेलमाँट अहवाल १९७९ मध्ये आला. त्यात न्यायाचे तत्त्व आले ते नेमक्या याच कारणाने: प्रयोगाचा भार कुणाच्या माथी मारला, आणि तोच का निवडला? म्हणजे आधुनिक वैद्यकीय नीतीच्या जन्मवेळी न्याय पहिल्या रांगेत होता. संशोधनातून दवाखान्यात येता येता तो मागे सरकला.

आपल्या कायद्याचीही गत थोडी अशीच. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात संमतीवर महत्त्वाचा निकाल दिला, आणि योगायोग म्हणावा तर तोही गर्भाशयाचाच होता. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून फक्त तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोश काढले. न्यायालयाने ठणकावले की सज्ञान रुग्णाच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही, आणि तपासणीची संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. इथवर निकाल नमुनेदार आहे. पण रुग्णाला माहिती किती द्यायची, या प्रश्नावर न्यायालयाने अमेरिकी कसोटी नाकारली. आपल्याकडचे रुग्ण गरीब, अल्पशिक्षित, डॉक्टरांवर विसंबणारे, तेव्हा त्या क्षेत्रातले डॉक्टर साधारणपणे जेवढी माहिती देतात तेवढी पुरे, असे ठरले. ही कसोटी बीडमध्ये नेऊन ठेवली की ती स्वतःभोवतीच फिरू लागते. ज्या तालुक्यात पिशवी काढणे हाच रिवाज झाला आहे तिथे ‘डॉक्टर साधारणपणे काय सांगतात’ याचे उत्तर ‘पिशवी काढा’ असेच येणार. गरिबीचा दाखला देऊन माहितीची पातळी खाली आणली, आणि गरिबांनाच माहितीची गरज सर्वांत जास्त होती.

नीतिशास्त्राचे मोठे सिद्धान्त इथे काय मदत करतात? परिणामवादी हिशेब फसवा ठरतो, कारण तो कितव्या वर्षापर्यंत मांडायचा यावर सगळे अवलंबून आहे. एका हंगामापुरता पाहिला तर बाईचा हिशेब अगदी बरोबर आहे: खाडे वाचले, उचल फिटली. तीस वर्षांचा मांडला तर तोच उलटतो. डॉक्टरचे काम तिला दुसरा हिशेब दाखवण्याचे आहे, आणि तोच बहुधा दाखवला जात नाही. कांट म्हणेल की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. इथे तर बाईचे शरीर उसाच्या गाळपाचे वेळापत्रक चुकू नये म्हणून दुरुस्त केले जात आहे. जॉन स्टुअर्ट मिलने स्वातंत्र्यावरच्या १८५९ च्या निबंधात एक मर्यादा घातली होती: स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य माणसाला नाही. स्वातंत्र्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता जर पर्याय कायमचे बंद करणाऱ्या निवडीपाशी थबकतो, तर आपण अंगठ्यापाशी थबकायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप असा येतो, आणि तो गंभीर आहे, की हे म्हणजे जुनी मायबापगिरी नव्या वेषात. शहरी शिक्षित बाईने पाळीची कटकट नको म्हणून गर्भाशय काढले तर तिची निवड, आणि ऊसतोड बाईने काढले तर तिचे अज्ञान? तिला तिचे आयुष्य आपल्यापेक्षा जास्त कळते. हे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तिला नकार द्यावा असे मी म्हणत नाही. काहीजणींना ही शस्त्रक्रिया खरोखरच लागते, आणि त्यांना ती नाकारणे हा दुसरा अन्याय होईल. बीडमध्ये पुढे खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. असल्या उपायाने आकडे खाली येतात, पण खरी गरज असलेल्या बाईला एक हेलपाटा आणि एक खाडा वाढतो, हेही विसरून चालणार नाही. मुद्दा असा की तिची निवड मानणे आणि तिच्यापुढे एकच पर्याय ठेवून निवड झाली असे म्हणणे, यांत फरक आहे. आणि रुग्णाचा आग्रह हे शेवटचे उत्तर असेल तर गर्भलिंगनिदानाचे काय करायचे? सोनोग्राफीच्या खोल्यांत आलेली जोडपी स्वेच्छेने आली होती, पैसे मोजून आली होती. डॉक्टरांनीही हेच सांगितले की लोक मागतात म्हणून आम्ही देतो. महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, याविरुद्ध कायदा केला. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या, आणि बीडमध्ये तर जेमतेम ८०७. लोकांचा आग्रह होता, हे त्यातल्या एकाही सोनोग्राफीचे समर्थन होत नाही.

दुसरा आक्षेप खेड्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचा आहे, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. तो म्हणतो: मी समाजसुधारक नाही. ही बाई आज आली आहे, आता परत थेट पुढच्या उन्हाळ्यातच येईल. औषधाची पुढची चिठ्ठी कोण लिहील? हार्मोनच्या साधनाला काही हजार रुपये लागतात, ते कोण देईल? यात तथ्य आहे. गरज खरी आहे याचाही पुरावा आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. म्हणजे बाया उगाच तक्रार करत नाहीत. पण याच अभ्यासाचा दुसरा अर्थ असा की यातल्या बऱ्याच दुखण्यांवर वेळेवर तपासणी आणि साधी औषधे हा उपचार आहे. अंगावरून पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. साधन महाग असेल तर ते प्राथमिक आरोग्य केंद्रात का नाही, हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे. तो विचारायला डॉक्टरच्या सहीइतका अधिकृत कागद दुसरा नाही. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पाठवायची चिठ्ठी लिहिणे, पर्याय सांगितल्याची नोंद करणे, बीजकोश राखणे, आणि ‘खाडा’ हे कारण केसपेपरवर त्याच शब्दात लिहिणे, एवढे करायला समाजसुधारक व्हावे लागत नाही. अशा शंभर केसपेपरांतून जे दिसेल ते कुठल्याही समितीला दिसणार नाही.

यातही एक गोम आहे, ती पैशाची. शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, समजावून सांगण्याचे मिळत नाहीत. डॉक्टरांच्या आचरणाच्या २००२ च्या नियमावलीने रुग्ण पाठवण्याच्या कमिशनला, म्हणजे ‘कट प्रॅक्टिस’ला, बंदी घातली, महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरुद्ध विधेयकाचा मसुदाही तयार झाला, तो कायदा काही झाला नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी प्रामाणिक डॉक्टरांच्या मुलाखतींतून ही दुखरी जागा त्यांच्याच तोंडून मांडली आहे, म्हणून इथे लांबण लावत नाही. गरीब राज्यांत सरकारी विम्याच्या पैशांसाठी गर्भाशये काढल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०२३ साली न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. म्हणजे बीड हा अपवाद नाही. पैसा आणि मजुरीची पद्धत बदलली की गाव बदलते, प्रकार तोच राहतो.

या पुस्तकाच्या वाचकाने पुढची प्रकरणे वाचताना एवढेच करावे: प्रत्येक उदाहरणात संमती कुठे आली हे पाहण्याआधी पर्याय कुठे संपले ते शोधावे. अध्यापकांनी विद्यार्थ्यांना चार तत्त्वांची नावे विचारण्याऐवजी एखादा खरा केसपेपर पुढे ठेवून त्यात काय लिहिलेले नाही ते विचारावे. आणि वैद्यकीय संघटनांकडे एक मागणी. २००२ च्या त्याच नियमावलीत कलम ७.१६ आहे. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची घ्यायची याची यादी त्यात पती किंवा पत्नीपासून सुरू होते, मग अज्ञान मुलाचे आईबाप किंवा पालक, आणि स्वतः रुग्णाचा क्रमांक शेवटचा. वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला नवरा-बायको दोघांचीही संमती लागते असे तेच कलम सांगते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली आणली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली, त्यामुळे जुने कलम पुन्हा कायम झाले. ते बदलून घ्यावे. त्याला वेळ लागेल. सही घेण्याआधी बाईला ‘खाड्याचे किती कापतात?’ हे विचारायला मात्र कुठल्याही कलमाची आडकाठी नाही.